मुलाची दारू सुटली. माझे दोन पेग का सुटावेत?

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : मी एकसष्ट वर्षांचा निवृत्त कर्मचारी असून पनवेल तालुक्यातील एका आगरी गावात राहतो. माझा थोरला मुलगा तेहेतीस वर्षांचा आहे. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात असताना तो प्यायला लागला, त्यात दोन गाड्या विकाव्या लागल्या आणि सून नातवाला घेऊन माहेरी गेली. व्यसनमुक्ती केंद्रात तो दोनदा राहिला. दुसऱ्या खेपेस पस्तीस दिवस राहून आला, त्याला आता पाच महिने झाले. तेव्हापासून तो प्यायलेला नाही आणि सूनही परत आली आहे. आता पत्नी आणि सून म्हणतात की घरातील बाटल्या काढून टाका. मी गेली तीस वर्षे रात्री जेवणापूर्वी दोनच पेग घेतो. कधी कोणाला शिवी दिली नाही, कामावर कधी दांडी मारली नाही. आमच्या घराण्यात सगळेच घेत आले. वडील घेत, थोरले बंधू घेत (ते बिचारे सेहेचाळिसाव्या वर्षी काविळीने गेले), पण असा वाया कोणी गेला नाही. ज्याला झेपत नाही त्याने सोडावी, त्याची शिक्षा मी का भोगावी? दुसरे असे की फाल्गुनात धाकट्याचे लग्न आहे. हळदीला पाहुण्यांची व्यवस्था केली नाही तर भावकीत नाव जाईल. आमच्या घरी हळदीच्या आदल्या दिवशी देवाला दारूचा मान दाखवतात आणि त्यातला पहिला घोट थोरल्या मुलाने घ्यायचा असतो. माझे मेहुणे म्हणतात, त्याला बिअर द्या, बिअरने काही होत नाही. एका नातलगाने असेही सुचवले की एक गोळी मिळते, ती न सांगता डाळीत मिसळली की माणूस पुन्हा दारूला हात लावत नाही. मार्गदर्शन करावे.

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात सर्वांत शेवटी आलेल्या गोळीचे उत्तर मी सर्वांत आधी देते, कारण बाकीच्या गोष्टींवर चार दिवस विचार केला तरी चालेल, हिच्यावर चालणार नाही. ती गोळी बहुधा डायसल्फिरामची असावी. दारूच्या व्यसनावरील उपचार म्हणून हे औषध १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी पुढे आणले आणि डॉक्टर ते आजही देतात. दारू पोटात गेल्यावर शरीर तिचे आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि मग त्या विषाचा निचरा करते. हे औषध दुसरी पायरी अडवून धरते, त्यामुळे विष अंगात साठते. मग चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. गोळी बंद केल्यानंतरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. आपण ही गोळी घेत आहोत हे ज्याला माहीत असते, तो खोकल्याच्या औषधातील अल्कोहोलपासूनसुद्धा स्वतःला जपतो. ज्याला माहीतच नाही, त्याच्या हातात आजीने खोकल्यासाठी दिलेले दोन चमचे द्राक्षासवही धोक्याचे ठरू शकते, कारण आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात आणि त्यांत अल्कोहोल असतेच. चिरंजीवांना ही गोळी हवी असेल, तर ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे जातील, हृदयाची आणि यकृताची तपासणी होईल आणि त्यांच्या लेखी संमतीने ती सुरू होईल. न सांगता डाळीत मिसळणे हा उपचार नव्हे, तो विषप्रयोग आहे, आणि ज्या दिवशी तो त्यांच्या ध्यानात येईल त्या दिवसापासून ते तुमच्या घरचे अन्न निःशंक मनाने खाऊ शकणार नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की त्यात पत्नी काय म्हणतात, सून काय म्हणते, मेहुणे काय म्हणतात, नातलग काय सुचवतात आणि भावकी काय म्हणेल हे सर्व आहे, पण ज्यांच्याविषयी हे पत्र आहे त्या मुलाचे एकही वाक्य नाही. बाटल्या घरात राहिल्याने त्यांना काय होते, हळदीच्या रात्री मांडवात थांबायची त्यांची इच्छा आहे की नाही, देवाच्या मानाच्या त्या घोटाची त्यांना भीती वाटते का, हे तुम्ही त्यांना विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. बहुधा असे झाले असावे की गेल्या काही वर्षांत या मुलाशी दारूविषयी झालेले प्रत्येक बोलणे भांडणात संपले आणि आता पाच महिन्यांची शांतता मोडायला कोणी धजावत नाही. ते मी समजू शकते. तरीही पहिले काम तेच आहे, आणि ते तुम्हालाच करावे लागेल.

दुसरी एक गोष्ट तुमच्या शब्दांत दिसते. तुम्ही लिहिता की मी 'घेतो', वडील 'घेत', बंधू 'घेत', आणि मुलगा मात्र 'प्यायला लागला'. मराठी घरांत हा भेद फार जुना आहे. ज्याची नोकरी टिकली तो घेतो आणि ज्याच्या गाड्या विकल्या गेल्या तो पितो, मग दोघांच्या पेल्यात एकाच दुकानातली दारू का असेना. याच घरात दारूचे आणखी एक टोपणनाव ऐकू येते, ते म्हणजे कावीळ. तुमच्या बंधूंचे वैद्यकीय कागद मी पाहिलेले नाहीत आणि न पाहता निदान करण्याचा मला अधिकार नाही. कावीळ इतर अनेक कारणांनी होते. पण रोज दारू घेणारा माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी काविळीने जातो तेव्हा यकृताचा सिऱ्होसिस, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होण्याचा आजार, झाला होता का, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता. माझ्या माहेरी एक काका 'पोट फुगून' गेले, असेच मी लहानपणापासून ऐकत आले. ते पोट कशाने फुगले, हे विचारण्याचे धैर्य मला समुपदेशनाचे शिक्षण घेऊ लागल्यानंतर आले, आणि विचारल्यावर घरात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. 'असा वाया कोणी गेला नाही' हे तुमचे वाक्य लिहिताना बंधूंचा उल्लेख तुम्हीच कंसात घातला आहे. तो कंस काढून ते वाक्य एकदा पुन्हा वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.

हे मी तुम्हाला दोषी ठरवण्यासाठी लिहीत नाही, कारण घराण्याच्या या प्रश्नाला एक शारीरिक बाजूही आहे. दारूवर अवलंबून होण्याची प्रवृत्ती पुष्कळ अंशी आनुवंशिक असते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तिचा वाटा साधारण निम्मा मानला जातो. १९७३ साली डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असे आढळले की ज्यांचे जन्मदाते दारूच्या आहारी गेलेले होते, अशा मुलांना बालपणीच दुसऱ्या घरी वाढवूनही त्यांच्यात मद्यासक्तीचे प्रमाण इतर दत्तक मुलांच्या जवळजवळ चौपट होते. याचा अर्थ नशीब ठरलेले असते असा नाही, कारण अशा बहुसंख्य मुलांना व्यसन लागतच नाही. अर्थ एवढाच की एकाच घरात, एकाच बाटलीतून दोन माणसे पितात तेव्हा त्यांतील एक तीस वर्षे दोन पेगांवर थांबू शकतो आणि दुसरा पाच वर्षांत ट्रक विकून बसतो. त्यात पहिल्याचे शहाणपण आणि दुसऱ्याचा नादानपणा जितका असतो, त्याहून कितीतरी जास्त वाटा दोघांच्या शरीरांतील फरकाचा असतो. 'ज्याला झेपत नाही त्याने सोडावी' असे तुम्ही म्हणता. त्यांनी सोडलीच आहे. आता प्रश्न त्या सोडलेल्या अवस्थेत त्यांना या घरात राहता येईल का, हा आहे.

तुमच्या घरातली संध्याकाळ कशी असेल याचे चित्र मी डोळ्यांसमोर आणते. साडेसात-आठ वाजतात, पडवीत खुर्ची येते, फ्रीज उघडल्याचा आवाज होतो, ग्लासात बर्फ पडतो, भाजलेल्या शेंगदाण्यांवर कांदा-लिंबू पडल्याचा वास सुटतो, आणि मग तो दुसरा वास. तुमच्या दृष्टीने ही दिवसातली सर्वांत निवांत वेळ आहे. तुमच्या मुलाचा मेंदू मात्र वर्षानुवर्षे नेमक्या याच आवाजांची आणि वासांची सांगड दारूशी घालत आलेला आहे, आणि पाच महिन्यांत ती सांगड पुसली जात नाही. व्यसनातून बाहेर पडणारी माणसे ज्याला 'ओढ' किंवा 'तलफ' म्हणतात ती विचार करून येत नाही, ती खूण दिसताच येते, आणि आल्यावर साधारण वीस-तीस मिनिटे जोरात राहून ओसरते. तेवढा वेळ घराबाहेर फिरून, कोणाला फोन करून, काहीतरी खाऊन काढता येतो. पण ती खूण रोज रात्री, त्याच वेळी, आपल्याच पडवीत, वडिलांच्या हातात असेल तर माणसाने किती दिवस आणि कुठे फिरायला जावे? पुन्हा घसरण्याचा धोका पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, सर्वांत जास्त असतो. पाय मोडून प्लास्टर घातलेला मुलगा घरात असता तर तुम्ही जिन्यात तेल सांडू दिले नसते, आणि त्याला कोणी शिक्षा म्हटले नसते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की घरातील सर्व बाटल्या, भरलेल्या आणि शोभेसाठी ठेवलेल्या रिकाम्यासुद्धा, बाहेर जाव्यात आणि निदान पहिले वर्षभर घरात दारू येऊ नये. कपाटाला कुलूप लावणे हा मार्ग नव्हे, कारण कुलपाकडे पाहून आत काय आहे हे विसरता येत नाही, आणि किल्ली कोणाकडे आहे यावरून घरात नवा खेळ सुरू होतो. गच्चीवर किंवा गाडीत बसून लपून घेणे तर त्याहून वाईट. लपवून पिणे म्हणजे काय हे तुमच्या मुलाइतके त्या घरात कोणालाच कळत नाही. तुमच्या तोंडाला येणारा वास त्यांना आधी कळेल आणि तुम्ही लपवता म्हणजे तुम्हालाही ते चुकीचे वाटते, हेही कळेल. पुढे कधी, वर्षभरानंतर, तुम्हाला बाहेर कुठे एखादा पेग घ्यावासा वाटला तर तो तुमचा निर्णय असेल. माझे बोलणे घराच्या उंबरठ्याच्या आतले आहे.

पण 'दोनच पेग' यावर मी एक हिशेब मांडू इच्छिते, कारण घरोघरी हे दोन शब्द मी ऐकते आणि त्यांत पेल्याचे माप कोणी सांगत नाही. साठ मिलिलिटरचा मोठा पेग धरला आणि आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असते हे लक्षात घेतले, तर दोन पेगांतून रोज सुमारे चाळीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. ७५० मिलिलिटरचा खंबा या मापाने सहा दिवस पुरायला हवा. तुमचा खंबा किती दिवस पुरतो, हे तुम्ही मला कळवण्याची गरज नाही, पण स्वतःशी मोजावे. तीन-चार दिवसांत संपत असेल तर पेग दोनच असतील, पण ते साठचे नाहीत. आणि साठचेच असले तरी, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जे निवेदन काढले त्यात दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही असे सांगितले आहे. एकसष्टाव्या वर्षी, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर, हे अधिकच लक्षात घेण्यासारखे आहे.

जॉन यूइंग या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी तयार केलेले चार साधे प्रश्न डॉक्टर आजही विचारतात. आपण कमी करायला हवी असे तुम्हाला कधी वाटले का? त्यावरून कोणी बोलले तर राग आला का? पिण्यावरून अपराधी वाटले का? आणि सकाळी उठल्या उठल्या, हात स्थिर व्हावा म्हणून, घ्यावी लागली का? दोन किंवा अधिक प्रश्नांना 'होय' आले तर डॉक्टरांकडे जाऊन बोलावे असा संकेत आहे. चारपैकी एका प्रश्नाचे उत्तर तुमच्या पत्रातच, 'शिक्षा' या शब्दात, मला दिसले. उरलेली तीन तुमची तुम्ही द्यावीत. येथे एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. तीस वर्षे रोज घेणाऱ्याने एका रात्री अचानक बंद केल्यास काहींना हात थरथरणे, घाम, झोप न लागणे असे त्रास सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची गंभीर अवस्था येऊ शकते. एखादा दिवस चुकला की तुमचा हात थरथरत असेल, तर बाटल्या बाहेर काढण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि त्यांच्या देखरेखीखाली थांबा. आणि जर काहीच त्रास न होता तीन महिने सहज गेले, तर तुमचे म्हणणे खरे होते, हे मी आनंदाने मान्य करीन.

मेहुण्यांच्या बिअरचे उत्तर थोडक्यात देता येते. ६५० मिलिलिटरच्या आठ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत सुमारे ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते, आणि साठच्या दोन पेग व्हिस्कीत ५१. म्हणजे बिअरने काही होत नाही असे म्हणणारा माणूस दोन मोठ्या पेगांनीही काही होत नाही असे म्हणत असतो. ज्यांचे शरीर दारूवर अवलंबून झालेले आहे, त्यांच्यासाठी सौम्य दारू असा प्रकार नसतो. व्यसनमुक्तीच्या सभांत पहिला पेला टाळायला सांगतात, दहावा नव्हे, कारण दहाव्याचा निर्णय पहिल्या पेल्यानंतर माणूस घेतच नाही.

आता हळद. या प्रश्नावर मी जरा सविस्तर लिहिते, कारण घरात पाच महिने सांभाळलेले एका रात्रीत मांडवात गमावल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आगरी-कोळी समाजाची हळद म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे. धवलारणींचे धवले (लग्नविधीत बायका गातात ती पारंपरिक गाणी), बेंजो, रात्रभरची नाचगाणी आणि मांडवामागे टेम्पोतून उतरणाऱ्या पेट्या. हळदीतला दारूवरचा खर्च आवरावा, ही मागणी तुमच्याच समाजाच्या सभांतून उठत असते, तेव्हा दारू न ठेवणारे पहिले घर तुम्ही नसाल. तुम्ही यजमान आहात. 'आमच्या मांडवात या वेळी दारू नाही, जेवणात मात्र काही कमी पडणार नाही' हे वाक्य निमंत्रण करतानाच, भावकीतील दोन-तीन वडीलधाऱ्यांना आधी घरी बोलावून, तुम्ही स्वतः सांगितले तर ते टिकेल. तेच वाक्य हळदीच्या रात्री सूनबाईंच्या तोंडून बाहेर पडले तर त्यावर हसतील. कारण विचारले तर मुलाचे नाव पुढे करू नका. 'मी सोडली आहे' असे सांगा. एकसष्ट वर्षांच्या माणसाने असे म्हटल्यावर भावकीतले किती जण मागून येऊन हळूच तुमच्याशी बोलतील, याचे तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

तरीही पाहुण्यांपैकी कोणी आपली आपण आणतीलच. ते तुम्ही रोखू शकणार नाही, आणि रोखत बसलात तर लग्न बाजूला राहील. तुम्ही एवढेच पाहायचे की ती तुमच्या पैशाने येणार नाही, घरात आणि मांडवात उघडली जाणार नाही, आणि तिची 'व्यवस्था' थोरल्या मुलाकडे सोपवली जाणार नाही. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे धाकट्याच्या लग्नात पेट्या आणण्यापासून पाहुण्यांना विचारपूस करण्यापर्यंतची कामे थोरल्या भावाच्या अंगावर न बोलता येतात आणि नको म्हणणे म्हणजे जबाबदारी टाळणे असे समजले जाते. त्यांना मांडव, स्वयंपाकी, वाहने, काहीही द्या, पण तो कोपरा देऊ नका. त्यांच्यासोबत त्या रात्री एक न पिणारा माणूस असावा, शक्यतो त्यांच्यासारखाच व्यसनातून बाहेर आलेला मित्र. ठरलेल्या वेळी, बेंजो रंगात येण्यापूर्वी, त्यांनी निघून जायचे असेल तर तसे आधीच ठरलेले असावे आणि 'थोरला कुठे गेला' असे कोणी विचारले तर उत्तर तुम्ही द्यावे. पोट भरलेले असावे आणि आदल्या रात्रीची झोप झालेली असावी. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत माणूस सर्वांत सहज घसरतो, आणि लग्नघरात या चारही एकाच रात्री गाठतात.

येथे एक जुनी हकीकत सांगावीशी वाटते. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस हॉटेलच्या दालनात एकटा उभा होता. ज्या व्यवहारासाठी आला होता तो फसला होता, खिशात फारसे पैसे नव्हते आणि दालनाच्या एका टोकाला असलेल्या बारमधून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता. त्याची दारू सुटून नेमके पाचच महिने झाले होते. तो बारकडे न जाता दालनाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या टेलिफोनकडे गेला आणि अनोळखी चर्चमध्ये फोन करून विचारू लागला की या गावात दारूशी झगडणारा कोणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचे आहे. त्यातून त्याची भेट डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी झाली, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना उभी राहिली, जिच्या सभा आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. तुमच्या मुलालाही पाच महिनेच झाले आहेत. हळदीच्या मांडवात बार कुठे असेल ते ठरलेलेच आहे. टेलिफोन कुठे आणि पलीकडे कोण, हे आपण ठरवायचे.

देवाच्या मानाचा प्रश्न तुम्ही चाचरत लिहिला आहे, असे मला वाटले. मान देवाचा असतो. पहिला घोट थोरल्याने घ्यायचा हा घराचा रिवाज आहे आणि घराचा रिवाज घरातल्या वडीलधाऱ्याला बदलता येतो. ज्या देवांना आपले पणजोबा बोकड देत, त्यांतल्या कित्येकांपुढे आपल्या आजोबांनी नारळ वाढवून तोड काढली आणि देव कोपले नाहीत. जो कोणी पूजा करतो त्याच्याशी आधी बोलून घ्या, मानासाठी नारळाचे पाणी ठेवा आणि पहिला घोट थोरल्यालाच द्या. त्याला वगळून तो धाकट्याला दिला तर सगळ्या घरासमोर त्याचा मान काढून घेतल्यासारखे होईल.

एवढे सगळे करूनही ते घसरले तर? घसरू शकतात. त्या वेळी 'पाच महिने पाण्यात गेले' असे म्हणू नका. पाच महिने दारूशिवाय जगलेल्या माणसाला ते जगणे कसे असते हे माहीत झालेले असते, आणि दुसऱ्या दिवशी समुपदेशकाला फोन करण्याइतके ते ज्ञान पुरते. एक-दोन वेळा घेतली असेल तर लगेच केंद्राशी संपर्क साधा. कित्येक दिवस सलग घेतली असेल तर त्यांना खोलीत कोंडून दारू तोडण्याचा प्रयत्न घरी करू नका, रुग्णालयात न्या, कारण वर सांगितलेला फिटांचा आणि भ्रमाचा धोका प्रत्येक खेपेस वाढत जातो. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर सरकारची टेलि-मानस ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीत बोलता येते. आणि त्यांच्या तोंडाचा वास घेणे, खिसे तपासणे, मित्रांना फोन करून विचारणे हे घरातल्या कोणीही करू नये. पहारा ठेवला की माणूस पहारेकऱ्याला चुकवण्याचे कसब पुन्हा वापरू लागतो, आणि ते कसब त्यांच्याकडे भरपूर आहे.

तुमच्या पत्नी आणि सूनबाई यांच्यासाठी चार ओळी लिहिते, कारण या पत्रात त्या केवळ बाटल्या काढा म्हणणाऱ्या म्हणून आल्या आहेत. बिल विल्सनच्या पत्नी लोइस यांना स्वतःच्या अनुभवातून कळले की दारूड्याबरोबर राहणाऱ्यालाही एक आजार जडतो, आणि १९५१ मध्ये त्यांनी कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना उभी केली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही रुग्णांच्या पत्नींसाठी स्वतंत्र गट चालतो. आपल्या भागात अशी सभा कुठे भरते याची चौकशी मुलाच्या केंद्रात करा आणि सूनबाईंना तेथे जाण्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी मिळेल, नातवाला त्या वेळी आजी-आजोबा सांभाळतील, असे पाहा. पडवीतली ती साडेसातची खुर्ची रिकामी झाली की तुमच्याही हाताला काम लागेल.

आता बाटल्यांविषयी शेवटचे. मुलाशी आधी बोला, मग काढा. बोलताना 'तुझ्यामुळे मला सोडावी लागते' हे वाक्य टाळा. 'मी सोडतो आहे, तुला काय वाटते' एवढे पुरे. त्यावर ते 'बाबा, माझ्यासाठी कशाला, तुम्ही घ्या' असे म्हणतील, बहुतेक मुले तसेच म्हणतात, कारण आपल्यामुळे वडिलांचे काही सुटले हे ओझे त्यांना नको असते. ते ऐकून बाटली परत कपाटात ठेवू नका. प्रत्यक्ष ओतण्याचे काम मात्र ते घरात नसताना, सकाळच्या वेळी, पत्नीला सोबत घेऊन करा. मोरीत ओतलेल्या दारूचा वास दुपारपर्यंत घरभर राहतो, तेव्हा वरून चार-पाच बादल्या पाणी सोडा, खिडक्या उघड्या ठेवा आणि रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला त्याच दिवशी द्या.